भर सभेतला सवाल

गावात कोणी जाणता पाहुणा आला की आपण काय करतो? शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरतो, टेबलावर धुतलेली चादर घालतो आणि दोन खुर्च्या समोरासमोर मांडतो. एकीवर पाहुणा बसतो. दुसरीवर हेडमास्तर, नाहीतर गावातला एखादा शिकलेला तरुण. त्याच्या हातात प्रश्नांचा कागद. "आपला जन्म कुठे झाला?" "आपले प्राथमिक शिक्षण?" "आजच्या तरुणांना आपण कोणता संदेश द्याल?" पाहुणा सावकाश उत्तरे देतो. समोरची मोठी माणसे मान डोलावतात, मागची हळूच उठून तंबाखू मळायला बाहेर जातात, आणि पोरे एकमेकांना चिमटे काढू लागतात. अर्ध्या तासात मांडव निम्मा मोकळा होतो. मग आपण म्हणतो, लोकांना आवड राहिली नाही.

तो कागद हातात धरून बसण्याची पाळी माझ्यावरही अनेकदा आली आहे. तेव्हा दुसऱ्या कोणाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण एक गोष्ट मनाला लागते. ज्या मुलखात आपण असे कंटाळवाणे प्रश्न विचारत बसतो, त्याच मुलखात एके काळी माणसे सवाल-जवाब ऐकण्यासाठी रात्रभर बसून राहत. दिवट्या विझायला येत, पूर्वेला तांबडे फुटे, तरी फडातून कोणी हलत नसे. ते लोक आपल्याहून वेगळे होते काय? मला तसे वाटत नाही. त्यांना विचारण्याची रीत ठाऊक होती.

ही रीत शोधायची तर संगमनेरपासूनच सुरुवात करू या. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरचे, पुणे-नाशिक वाटेवरचे हे जुने बाजाराचे गाव. येथे १७४४ साली शाहीर अनंत फंदी जन्मले. घराणे ब्राह्मणाचे, आडनाव घोलप. मग 'फंदी' हे नाव कुठून आले? असे सांगतात, की गावात मलिक फंदी नावाचे एक फकीर होते. अनंताचा आणि त्यांचा स्नेह जडला आणि फकिराचे नाव ब्राह्मणाच्या पोराला चिकटले ते कायमचे. फंदींनी लावण्या केल्या, पोवाडे केले. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईचा पोवाडा केला. त्याच वर्षी सवाई माधवराव पेशवे गेले, त्यांच्यावर 'माधवनिधन' हे काव्य रचले. आणि फटका म्हणजे तर फंदींचाच, असे समीकरण होऊन बसले. शाळेच्या पुस्तकांतून आपल्या आजोबांनी तो पाठ केला, बापांनी केला, आपणही केला. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि पुढच्याच वर्षी, १८१९ साली, फंदी गेले.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपण मुलांना फटका शिकवतो. पण फंदी ज्या फडात वाढले तो फड कसा होता हे सांगायचे राहून जाते. त्या काळच्या शाहिरांची नावेच घ्या. होनाजी गवळी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार, परशराम हा शेजारच्या सिन्नरकडच्या बावी गावचा शिंपी, आणि फंदी, प्रभाकर, सोलापूरचे राम जोशी हे ब्राह्मण. गावाच्या पंगतीत ही माणसे एका ओळीने बसली नसती. फडात मात्र ती एकमेकांपुढे उभी राहत, एकमेकांशी चढाओढ करीत. डफावर थाप पडली की समोरच्याची जात विचारण्याची सोय नव्हती. त्याचा सवाल ऐकावा लागे, आणि जमले तर जवाब द्यावा लागे.

सवाल-जवाब हा शब्द तुमच्यापैकी बहुतेकांना सिनेमामुळे माहीत असेल. १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' आला, १९६४ साली 'सवाल माझा ऐका' आला, आणि तमाशाची ही रीत शहरातल्या थिएटरात जाऊन बसली. पण तिचे मूळ जुने आहे. कलगी आणि तुरा असे शाहिरांचे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला म्हणजे प्रकृतीला मोठे मानणार, तुरेवाले शिवाला म्हणजे पुरुषाला. जग कोणापासून झाले, आईपासून की बापापासून, हा वाद. उत्तर हिंदुस्थानातही हे दोन पक्ष आहेत. तिकडे अशी आख्यायिका सांगतात, की तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर यांचा असाच सामना झाला, तेव्हा राजाने खूश होऊन एकाला आपला तुरा दिला आणि दुसऱ्याला कलगी. कोणालाच हरवले नाही. ही गोष्ट खरी की बनावट हे सोडून द्या. पण गोसावी आणि फकीर यांना समोरासमोर बसवून प्रश्न विचारायला लावणे हे आपल्या लोकांना किती रुचत होते, एवढे तिच्यावरून कळते.

आता हा सामना चालायचा कसा ते पाहा. एका पक्षाने डफ-तुणतुण्यावर सवाल टाकायचा. झीलकऱ्यांनी तो उचलून धरायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायचा, त्यामुळे अगदी मागे बसलेल्या म्हाताऱ्यालाही प्रश्न काय आहे ते नीट समजे. तेवढ्या वेळात उत्तर देणाऱ्याला विचार करायला अवसर मिळे आणि ऐकणारेही आपापल्या मनाशी उत्तर जुळवू लागत. मग दुसऱ्या पक्षाने त्याच चालीत जवाब द्यायचा आणि वर आपला उलटा सवाल करायचा. उत्तर आले नाही तर डोक्यावरचा तुरा किंवा कलगी उतरवायची पाळी. म्हणजे विचारणाऱ्यालाही काही गमवायचे असे, सांगणाऱ्यालाही. आपल्या खुर्च्यांवरच्या मुलाखतीत कोणालाच काही गमवायचे नसते. पाहुणा आला तसाच हार घेऊन जातो.

यातले सगळेच काही चांगले होते असे मात्र मी म्हणणार नाही. भेदिक म्हणून जो प्रकार आहे, त्यात पुढे पुढे नुसती कोडी उरली. शरीरात नाड्या किती, अमक्या राक्षसाच्या सासूचे नाव काय, अशा सवालांना उत्तर देणारा शहाणा ठरला खरा, पण ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडले? समोरच्याला अडवण्यासाठीच विचारलेला प्रश्न घटकाभर मजा देतो, नंतर त्याची चव जाते. आजही काही मुलाखत घेणारे स्वतःची विद्वत्ता दाखवण्यासाठी लांबलचक प्रश्न करतात आणि पाहुण्याला शेवटी "होय" एवढेच म्हणायला ठेवतात. हा भेदिकाचाच वारसा, बाकी काही नाही.

मला स्वतःला सवाल-जवाबापेक्षाही तमाशातली मावशी अधिक मोलाची वाटते. गण झाला की गवळण सुरू होते. गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे येतात. गौळणींबरोबर एक मावशी असते. ती म्हणजे डोक्यावरून पदर घेतलेला, कमरेत वाकलेला एक मिशाळ बाप्या! ती कृष्णाला विचारते, तू कोण रे बाबा? कृष्ण म्हणतो, मी देव. मावशी म्हणते, देव का? मग वाट का अडवतोस? कुठल्या गावचा? तुझा बाप काय करतो? तुला दही कशाला पाहिजे, घरी मिळत नाही का? आता बघा, फडात बसलेल्या प्रत्येकाला कृष्ण कोण ते ठाऊक असते. मावशीलाही ठाऊक असते. पण ती काही न समजल्यासारखी विचारते, आणि त्यामुळे देवालाही घरगुती मराठीत उत्तर द्यावे लागते. साक्षात परमेश्वराची ही भर सभेत घेतलेली मुलाखतच झाली की!

पुढे तमाशात वग आला. १८६५ च्या सुमाराचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानतात. त्यात राजा, प्रधान आणि सोंगाड्या अशी पात्रे रुळली. राजा विचारतो, राज्यात सगळे ठीक आहे ना? प्रधान म्हणतो, ठीक आहे महाराज. आणि सोंगाड्या मध्येच तोंड घालून काय ठीक नाही ते सांगून टाकतो. पाटील, कुलकर्णी, सावकार पुढच्या रांगेत बसलेले असत. त्यांच्या तोंडावर जे कोणी बोलू शकले नसते ते सोंगाड्या बोलत असे आणि तेही हसत. सोंगाचा तेवढा मान होता. सोंग उतरले की तो पुन्हा गरीब माणूस.

येथेच आपल्या विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. मुलाखतीला निराळा आकार द्यायचा, तिच्यात गाणे, सोंग, चढाओढ घालायची, ती केवळ करमणुकीसाठी नव्हे. सरळ तोंडाने जो प्रश्न विचारता येत नाही तो त्या आकाराच्या आडून विचारता येतो. मावशीला विचारण्याची मुभा असते. हेडमास्तरांना नसते, कारण उद्या त्यांना त्याच पाहुण्याकडे शाळेच्या खोल्यांसाठी अर्ज घेऊन जायचे असते.

एकनाथांनी हे सोळाव्या शतकातच ओळखले होते. पैठणच्या या संताने हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला. दोघे एकमेकांना तिखट प्रश्न विचारतात, एकमेकांच्या आचारातील विसंगती दाखवतात, आणि शेवटी समेटावर येतात. भारुडांतून त्यांनी महार, जोशी, गारुडी अशांच्या तोंडी शब्द घातले. पंडिताने सांगितले असते तर लोकांनी नमस्कार करून सोडून दिले असते, ते सोंगाने सांगितले म्हणून ऐकले.

मग ही रीत आपल्या सभांतून गेली कुठे? फंदींच्याच चरित्रात एक आख्यायिका आहे. फंदी आपला तमाशा घेऊन अहिल्याबाई होळकरांकडे गेले. अहिल्याबाईंनी त्यांचा आदर केला, पण ब्राह्मणाने तमाशा करावा हे बरे नव्हे, कीर्तन करावे, असे सांगितले. आणि फंदी कीर्तनाकडे वळले. राम जोशींविषयीही असेच सांगतात. तिथे उपदेश करणारे मोरोपंत. दोन आख्यायिका आणि दोन्हींचा रोख एकच, हे ध्यानात घ्या. तमाशा सोडा, कीर्तन धरा. कीर्तन हे थोर साधन आहे, त्यात वाद नाही. पण कीर्तनात बोलतो एकटा बुवा. मध्ये उभे राहून "बुवा, असे कसे?" म्हणण्याची सोय तिथे नाही. प्रतिष्ठित समाजाने विचारण्याची कला हलकी ठरवली आणि सांगण्याची कला उंच पाटावर बसवली, असा त्या दोन गोष्टींचा अर्थ मी लावतो. तुम्हाला पटला नाही तर सोडून द्या.

इंग्रजी अंमलात व्याख्यान आले. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि पुढे गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. संगमनेरातही अनंत फंदींच्या नावाने व्याख्यानमाला भरत आली आहे. या व्याख्यानांनी महाराष्ट्र शहाणा केला, हे मान्य केलेच पाहिजे. फक्त एक गंमत वाटते. फडावरच्या शाहिराचे नाव दिले ते व्याख्यानाला!

विचारण्याची धार ज्यांनी जपली ते दुसरे लोक होते. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात विदूषक मध्ये मध्ये येतो आणि चाललेल्या प्रसंगावर बोलतो, अगदी सोंगाड्याच्या थाटात. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती तर बरीचशी धोंडिबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांचीच. धोंडिबा भोळेपणाने विचारतो, "मग असे का?" आणि जोतीराव उलगडा करतात. एवढा कडवट विषय, पण धोंडिबाच्या प्रश्नांमुळे वाचणारा धरून राहतो. पुढे सत्यशोधक जलसे निघाले. त्यांनी तमाशाचीच चौकट घेतली आणि तीत सावकाराला, भिक्षुकाला सवाल घातले. मग आंबेडकरी जलसे आले. ज्यांना सभेत पुढे बसू देत नव्हते त्यांनी डफ हातात घेऊन सगळ्या गावाला प्रश्न विचारले. व्याख्यानाला व्यासपीठ लागते, अध्यक्ष लागतो, आमंत्रण लागते. सवालाला डफ पुरतो.

आता नभोवाणीची एक हकीकत सांगतो. ती आपल्या जिल्ह्याची आहे, आणि शिक्षकांची तर विशेष आहे. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्रावरून एक प्रयोग करण्यात आला. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ-मंडळे चालत होती, त्या धर्तीवर तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्हे निवडले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, शिक्षण, पंचायत असे विषय. नुसते भाषण नव्हे. कधी संवाद, कधी नाटिका, कधी मुलाखत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि मंडळाने आपसात चर्चा करायची. चर्चेत जे प्रश्न निघतील ते लिहून पुण्याला पाठवायचे, आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळायची. हे प्रश्न लिहून घेणारा मंडळाचा संयोजक बऱ्याच गावी कोण होता? शाळामास्तर.

या प्रयोगाचा अभ्यास पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत केला. जिथे मंडळ होते त्या गावांतील लोकांची माहिती इतर गावांपेक्षा पुष्कळ वाढली, असे आढळून आले. रेडिओ तर काही इतर गावांतही होता. वाढ झाली ती ऐकून, बोलून आणि उलट विचारून. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली. व्यंकटेश माडगूळकरांसारखा खेड्याचा नाडीपरीक्षक लेखक त्या वर्षांत पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात होता, हेही सांगण्याजोगे आहे. शेतीखात्याच्या साहेबापुढे ज्याच्या तोंडून शब्द फुटला नसता, तो शेतकरी मंडळाच्या नावाने लिहून पाठवत असे आणि पुढे स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर चावडीवर सगळ्यांबरोबर ऐकत असे. मंडळ ही त्याची मावशीच झाली म्हणा ना.

तेव्हा तुमच्या गावी पुढच्या खेपेला कोणी पाहुणा येईल तेव्हा त्या दोन खुर्च्या मांडण्याआधी थोडा विचार करा. प्रश्न आठ दिवस आधी गावातून गोळा करा. ज्याला लिहिता येत नाही त्याचा मुलांनी लिहून आणावा. विचारणारा एक नको, दोन असू द्या, एक शहाणा आणि एक भोळा. भोळ्याचे काम अवघड आहे, ते वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाला द्या. प्रश्न झाला की चार मुलांनी तो झिलीसारखा मोठ्याने उचलावा. पाहुण्याच्या हातात त्याच्या धंद्याची वस्तू द्या. पाभर धरलेला शेतकरी खुर्चीवर बसलेल्या शेतकऱ्यापेक्षा दसपट बोलतो. आणि जन्मगाव, शिक्षण वगैरे फळ्यावर लिहून टाका, त्यासाठी सभेचा वेळ खर्च करू नका. पाहुण्याला आधी कल्पना मात्र द्या. कलगीवाल्याला समोर तुरेवाला आहे हे माहीत असे. न सांगता कोणाला कोंडीत पकडणे हा फड नव्हे.

असा एक प्रसंग मी प्रवरेच्या काठच्या एका खेड्यातल्या शाळेत पाहिला. प्रवरेवर वर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, आणि खाली संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा असे कालवे निघतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शाळेने एका म्हाताऱ्या, सेवानिवृत्त पाटकऱ्याला बोलावले होते. खुर्च्या नव्हत्या. मधोमध ओल्या वाळूचा ढीग केला होता आणि म्हाताऱ्याच्या हाती खुरपे दिले होते. त्याने वाळूत कालवा काढला, चाऱ्या काढल्या, पोरांनी तांब्याने पाणी सोडले. पाळी कशी लावायची, पाणी तासावर कसे मोजायचे, सगळे तो रंगून सांगत होता. गाव भोवती कडे करून उभे होते. पुढे बागाईतदार, मागे शेवटच्या चारीवरची माणसे.

एवढ्यात सातवीतला एक पोरगा आईचे लुगडे डोक्यावरून घेऊन, कमरेत वाकून, काठी टेकत आत आला. हशा पिकला. तो म्हणाला, "काय वो पाटकरीबाबा, मी शेवटच्या वावरातली म्हातारी. माझ्या वावराला पाणी का येत न्हाई?"

चार मुलांनी झील धरली: पाणी का येत न्हाई?

म्हातारा थांबला. खुरप्याने वाळूतली शेवटची चारी त्याने पुन्हा एकदा रेखली, तिच्यात पाणी गेले नव्हते. मग मान वर करून तो म्हणाला, "यायचं की बाई. दिवसा यायचं. रात्री मी घरी जायचो."

हशा ओसरला. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे आपल्या पायांकडे बघू लागले. आणि मागून कोणीतरी, या वेळी लुगडे न नेसता, विचारले, "मग रात्री मोऱ्या कोण उघडत होतं?"